वन्समोर आणि गळा

आवाज ही ईश्वरी देणगी आहे, असे आपण सर्वच म्हणतो. परंतु देणगी एकदा मिळाली म्हणजे ती जन्मभर पुरेल, असा जो समज त्यापाठोपाठ रूढ झाला आहे, तो आम्हांस मान्य नाही. काळी जमीन वाट्यास येणे हे भाग्य. ती दरसाल पिकती ठेवणे हा उद्योग होय, हे शेतकऱ्याच्या मुलास निराळे सांगावयास नको. गळ्याचेही तसेच आहे. आणि त्या उद्योगात गाणाऱ्याइतकाच ऐकणाराही भागीदार असतो, हे सांगण्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच.

प्रथम गळ्याचे काम कसे चालते ते पाहू. कंठात दोन लहान स्वरतंतू असतात. फुप्फुसांतील हवा त्यांच्यामधून जाताना ते कंप पावतात व एकमेकांवर आदळतात. प्रौढ पुरुषाच्या साध्या बोलण्यातही हे सेकंदास शंभराहून अधिक वेळा घडते. शंभरच धरले तरी तासाला ३,६०,००० आघात झाले! स्वर जितका उंच, तितके आघात अधिक. आणि दमसास अपुरा असता केवळ गळा आवळून स्वर चढविला, तर प्रत्येक आघात अधिक कठोर. मग तंतूंस सूज येते, घसा बसतो, आणि तरीही गाणे थांबविले नाही तर पुढे तेथे गाठी धरतात. खडीसाखर व ज्येष्ठमध तोंडात धरल्याने घशास बरे वाटते खरे, परंतु गिळलेला पदार्थ स्वरतंतूंना स्पर्शही करीत नाही. त्यांचे खरे औषध विश्रांती हेच.

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणिले, तेव्हापासून कित्येक वर्षे मराठी गायक नटास ध्वनिक्षेपकाचा आधार नव्हता. रात्रीचे नाटक पहाटेपर्यंत चाले, आणि पद आवडले की 'वन्समोर'च्या आरोळ्या उठत. अशा कसोटीस बालगंधर्व उतरले. १८८८ साली जन्मलेले नारायणराव राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले आणि पुढे तीन तपांहून अधिक काळ रसिकांनी त्यांस डोक्यावर घेतले. भास्करबुवा बखल्यांची तालीम त्यांस लाभली होती. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकावयास मिळतात. त्या ऐकताना स्वर ओढूनताणून आणिला असे वाटत नाही. शब्द श्वासावर तरंगत येतो. आमच्या मते त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचे इंगित या सहजतेतच आहे.

याहून बोधप्रद चरित्र उस्ताद अल्लादिया खाँ यांचे. तरुणपणी माळव्यातील आमलेटा संस्थानात लागोपाठ कित्येक दिवस गावे लागल्याने त्यांचा आवाज बसला, व तो पूर्वीसारखा पुन्हा आला नाही. दुसरा एखादा गवई तेथेच संपला असता. खाँसाहेबांनी मात्र उरलेल्या आवाजाचे गुणदोष ओळखून त्यास साजेल अशी नवी, पेचदार गायकी घडविली. पुढे कोल्हापुरास शाहू महाराजांच्या पदरी ते राहिले, केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांसारख्या शिष्या त्यांनी तयार केल्या, आणि १९४६ साली नव्वदी ओलांडून ते निवर्तले. त्यांच्या बुद्धीचे कौतुक करावे तितके थोडेच. परंतु ज्या अतिरेकी हौसेने तो पहिला गळा गेला, ती हौस श्रोत्यांची होती, हे आम्हांस विसरवत नाही.

युरोपातील संगीतनाटकांतही हाच अनुभव आहे. तेथे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुषास टेनर म्हणतात. पूर्वीचे टेनर अत्युच्च स्वर हलक्या आवाजात घेत. १८३७ साली पॅरिस येथे ड्युप्रे नामक गायकाने तो स्वर भरल्या छातीने लाविला आणि लोक वेडे झाले. परंतु थोड्याच वर्षांत त्याचा आवाज उतरू लागला आणि १८४९ साली, ऐन बेचाळिशीत, त्याने ती रंगभूमी सोडली. उलट, स्पेनच्या आल्फ्रेडो क्राउस याने १९५६ साली आरंभ केला, आपल्या गळ्यास न पेलणाऱ्या भूमिका निग्रहाने नाकारल्या, आणि चाळीस वर्षे तो गात राहिला.

कोणी म्हणेल, जपून गाणाऱ्याच्या गाण्यात रंग कसा भरणार? आमचे उत्तर आमच्या बीड जिल्ह्यातील गावोगावच्या सप्ताहांत आहे. कीर्तनकार बुवा दोन-दोन तास उभे राहून गातात, बोलतात. परंतु चरण संपताच टाळकरी ध्रुपद उचलून धरतात आणि तेवढ्यात बुवांस श्वास मिळतो. रंग तर उणा होत नाहीच, उलट तो चढतो. जुन्या लोकांनी ही योजना मोठ्या शहाणपणाने केली आहे. पहाटेच्या खर्जाच्या रियाजामागेही हेच शहाणपण आहे: आधी खालचे स्वर स्थिर करावे, मग वर चढावे.

आता पालकांस थोडी विनंती. साधारण बाराव्या ते सोळाव्या वर्षांच्या दरम्यान मुलाचा कंठ वाढतो व आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. त्या काळात गतवर्षीच्याच पट्टीत गाण्याचा आग्रह धरणे म्हणजे कोवळ्या वासरास नांगराला जुंपणे होय. पट्टी उतरवावी. घसा बसला असता स्नेहसंमेलनातील बक्षिसाचा मोह सोडून मुलास घरी ठेवावे. आणि तीन आठवड्यांनंतरही तो सुटला नाही, तर डॉक्टरास अवश्य दाखवावा.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकी गाणारे थोडे, ऐकणारे पुष्कळ. म्हणून अखेरची सूचना तुम्हांलाच. वर्गबंधूचे पद आवडले तर टाळ्यांचा कडकडाट अवश्य करा. पण त्याच्या मानेच्या शिरा ताठलेल्या दिसत असता 'वन्समोर' म्हणून ओरडू नका. आज एक पद कमी ऐकाल, तर तो आवाज तुम्हांस आणखी पन्नास वर्षे ऐकावयास मिळण्याचा संभव आहे. हा सौदा खचित तोट्याचा नव्हे.