पहारेकऱ्यावरही नजर ठेवा

नालासोपाऱ्याहून खालाचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला. शिष्यवृत्तीचा फॉर्म उघडला की जुगाराची जाहिरात यायची. कारण निघालं पीडीएफसाठी टाकलेलं एक फुकट एक्स्टेन्शन. ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी त्याने न वाचताच दिली होती.

मी ते काढलं आणि अँटी-स्पायवेअर टाकलं. ते उघडणारा प्रत्येक पत्ता धोकादायक साइटच्या यादीशी ताडून पाहतं; जुळला तर अडवतं. एक्स्टेन्शनचंही तसंच. पण यादीत न आलेला नवा चोर सुटू शकतो. शिवाय सगळे पत्ते तपासणाऱ्याला सगळे पत्ते दिसतातही.

अवास्ट या नामांकित अँटीव्हायरस कंपनीने ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याचा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २०२४ मध्ये तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावे लागले. त्या माहितीतून माणसाचा धर्म, आजार, राजकीय कल कळू शकत होता. आपल्याला हे किरकोळ वाटून चालेल?

म्हणून संरक्षण जरूर घ्या, पण तेही पारखून. आज रात्री ब्राउझरची एक्स्टेन्शनची यादी उघडा. ज्याचं काम आठवत नाही, ते काढून टाका. घरातल्या मोठ्यांचा कॉम्प्युटरही तपासा.