अवघड जागेचं दुखणं

‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. या लाजेपायी माणसं जीव गमावतात, हे मात्र कुणी बोलत नाही.

गुदद्वाराचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. दहातल्या नऊ रुग्णांत त्यामागे एचपीव्ही विषाणू असतो; गर्भाशयमुखाचा कर्करोगही त्याच्यामुळेच होतो. आधी पेशी बिघडतात, कर्करोग व्हायला पुढे कित्येक वर्षं लागू शकतात. तेवढ्या अवधीत बिघाड सापडला, तर तो जाळून काढता येतो. अमेरिकेतल्या ‘अँकर’ अभ्यासात असा तीव्र बिघाड असलेले ४,४४६ एचआयव्हीबाधित होते. निम्म्यांवर उपचार झाले, निम्म्यांवर फक्त लक्ष ठेवलं. पहिल्या गटात ९ जणांना कर्करोग झाला, दुसऱ्यात २१ जणांना. उपचाराने धोका ५७ टक्क्यांनी घटला. हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. मग आपण कशाची वाट पाहतोय?

‘हा त्या लोकांचा आजार’ असं म्हणणाऱ्यांना विचारायला हवं, कुठले लोक? धोका समलिंगी पुरुषांना आणि तृतीयपंथीयांना जास्त आहे, हे खरं. पण एचआयव्हीबाधित गृहिणीला, किडनी बदललेल्या रुग्णाला, योनीमुखाचा कर्करोग झालेल्या बाईलाही तो आहे. आणि समजा, आजार फक्त ‘त्यांचाच’ असता, तर त्यांना मरू द्यायचं होतं का?

आमच्या मदरशांत तहारतचे मसले शिकवताना शौचानंतरच्या स्वच्छतेचे बारीकसारीक नियम मोकळेपणाने सांगतात. तिथे कुणी लाजत नाही. मग याच जागेच्या आजाराबद्दल बोलतानाच हया आडवी का येते?

दुसरी सबब पैशांची. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने साध्या आरोग्यसेविकांना शिकवून, व्हिनेगरमधल्याच आम्लाने तपासणी करून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी करून दाखवले. गुदद्वाराच्या तपासणीतही हेच आम्ल लावून दुर्बिणीतून पाहतात. त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर लागतात, कबूल. मग तयार करा! तोवर एआरटी केंद्रात औषध घ्यायला येणाऱ्याला ‘रक्त पडतं का, गाठ लागते का’ एवढं विचारायला काय खर्च येतो? हातमोजा घालून बोटाने तपासायला कितीसा?

रक्त पडलं की न तपासता ‘मूळव्याध’ म्हणून मलम देणाऱ्यांनाही एकच सांगणं आहे: आधी तपासा. रुग्ण लाजला तर समजू शकतो. डॉक्टरला लाजायचा अधिकार नाही.