उखळीचा सांधा

आमच्या माजघरांतील झोपाळा फार जुना. त्याच्या कड्या पितळेच्या आणि वरचे आंकडे लोखंडाचे. महिना-दीड महिना तेलाचें बोट लागलें नाहीं कीं तो असा कुरकुरूं लागतो कीं दुपारची वामकुक्षी अशक्य व्हावी. कड्यांना तेल घालण्याचें काम आजवर थोरल्या काकूंचें. यंदा मात्र त्यांना स्टुलावर चढवेना. त्यांचा उजवा खुबा पार झिजला आहे, आणि तेथें कृत्रिम सांधा बसवावा असें डॉक्टरांनीं सांगितल्यापासून घरांत दोन तट पडले आहेत. या वयांत चिरफाड नको, हा एक तट. दुसऱ्या तटाचा पुढारी आमचा पुतण्या. तो अभियांत्रिकी महाविद्यालयांत तिसऱ्या वर्षाला आहे. सांधा बसवावा हें त्याला मान्य. त्याची हरकत निराळीच. धातूच्या गोळ्याखालीं साध्या प्लास्टिकची वाटी बसवितात हें ऐकून तो म्हणाला, "काका, हल्लीं विमानाचे पंखसुद्धां कार्बनचे तंतू घातलेल्या प्लास्टिकचे करतात. मग आजीच्याच नशिबीं हें साधें प्लास्टिक कां?"

प्रश्न पोरकट नव्हे. तो ह्यापूर्वीं एका मोठ्या शस्त्रवैद्यास पडला होता, आणि त्याचें उत्तर पुष्कळ रुग्णांच्या देहांत मिळालें आहे.

मांडीच्या हाडाचें वाटोळें डोकें कमरेच्या हाडाच्या खळगींत फिरतें. ह्यालाच आपण उखळीचा सांधा म्हणतों. दोहोंवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, आणि निरोगी सांध्यांतील घर्षण इतकें अल्प असतें कीं बर्फावर बर्फ घसरावें. हा थर झिजला कीं हाडावर हाड घासतें. पॅरिसच्या ज्युडे बंधूंनीं १९४६ सालीं अशा रुग्णांना अ‍ॅक्रिलिक प्लास्टिकचें डोकें बसविण्यास आरंभ केला. असा एक रुग्ण इंग्लंडांत जॉन चार्नली ह्यांच्याकडे आला. त्याचा खुबा इतका कुरकुरे कीं त्याच्या पत्नीला त्याच्याजवळ बसणें नकोसें होई. दुसऱ्या कोणीं ही गोष्ट हंसण्यावारीं नेली असती. चार्नलींनीं ताडलें कीं कुरकुर म्हणजे घर्षण, आणि जेथें एवढें घर्षण तेथें बसविलेला भाग हळूहळू हाडांतून ढिला होणारच. तेव्हां सर्वांत निसरडा पदार्थ शोधला पाहिजे.

तो सांपडायला वेळ लागला नाहीं. १९३८ सालीं अमेरिकेंत रॉय प्लंकेट ह्यांच्या हातीं योगायोगानें आलेलें टेफ्लॉन तयारच होतें. आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतें तेंच. कोरड्या पोलादावर शंभर किलो भाराचा पोलादी ठोकळा सरकविण्यास पन्नास किलोंहून अधिक जोर लागतो. टेफ्लॉनच्या ठोकळ्यास पांच-दहा किलो पुरे. लँकेशायरमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयांत चार्नलींनीं १९५८ च्या सुमारास टेफ्लॉनची वाटी आणि पोलादी डोकें बसविण्यास सुरुवात केली. वर्षानुवर्षें अंथरुणाला खिळलेलीं माणसें वेदनेवांचून चालूं लागलीं. सुमारें तीनशें रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झाली.

दोन-तीन वर्षांतच पोलादी डोकीं वाट्यांतून आरपार जाऊं लागलीं. झिजून निघालेल्या भुकटीनें सांध्याभोंवतीं गांठी धरल्या. चार्नलींनीं त्या वाट्या पुन्हां स्वतःच्या हातांनीं काढल्या. प्रत्येक वेळीं आपलीच चूक उघडून पाहणें त्या माणसाला कसें झालें असेल, ह्याची कल्पनाच करावी.

चूक कोठें होती? निसरडें तें न झिजणारें, हें गृहीत धरण्यांत. आपल्या न्हाणीघरांतील साबणाची वडी पाहा. तिच्याइतकें निसरडें घरांत दुसरें कांहीं नाहीं, आणि तिच्याइतकें लवकर संपणारेंही नाहीं. घर्षण म्हणजे सरकण्यास होणारा विरोध. झीज म्हणजे सरकतांना गमावलेला पदार्थ. दोहोंचा संबंध आहे, पण तो वाटतो तितका सरळ नाहीं. टेफ्लॉनचे रेणू एकमेकांवरून सहज घसरतात म्हणून तें निसरडें. आणि त्याच कारणानें त्याचे पापुद्रे भराभर सुटून येतात.

येथें आमच्या पुतण्याचा उपाय पुढें येतो. यंत्रशाळेंत हें दुखणें जुनें आहे, आणि त्यावरचें औषधही ठाऊक आहे: टेफ्लॉनमध्यें कांचेचे किंवा कार्बनचे बारीक तंतू, अथवा दुसरें कठीण द्रव्य मिसळावें. झीज शेंकडों पटींनीं उतरते. तंतू भार पेलतात हें एक कारण. दुसरें अधिक मौजेचें आहे. प्लास्टिकचा अत्यंत पातळ लेप हळूहळू पोलादावर चढतो, तंतूंमुळें तो तेथें टिकून राहतो, आणि मग प्लास्टिक पोलादावर घासत नाहीं, आपल्याच लेपावर घसरतें. ह्यांत तंतूंची निवडही पाहावी लागते. कांचेचा तंतू पोलादावर ओरखडे काढतो. कार्बनचा बराच सौम्य.

चार्नलींनींही कठीण द्रव्य भरलेल्या टेफ्लॉनची वाटी करून पाहिली. प्रयोगशाळेंतल्या यंत्रावर ती साध्या टेफ्लॉनपेक्षां अनेक पट टिकली. रुग्णाच्या शरीरांत मात्र निराशाच झाली. वाटी तर झिजलीच, शिवाय तिच्यांतून सुटलेल्या कठीण कणांनीं पोलादी डोकेंही घासून काढलें. राखेनें भांडें घासावें तसें. कोरड्या यंत्रांत पोलादावर जो लेप धरतो, तो ओल्या जागीं नीट धरत नाहीं; आणि सांधा तर सदा ओला. लेप नाहीं म्हणजे तंतू अथवा कण उघडे पडतात, सुटतात, आणि दोन्ही पृष्ठांच्या मध्यें सांपडून तिसरे वैरी बनतात.

पुढची हकीगत आम्हांस फार आवडते. १९६२ च्या मे महिन्यांत एक विक्रेता कापडगिरण्यांच्या मागांना लागणाऱ्या प्लास्टिकच्या दांतेरी चाकांचा नमुना घेऊन राइटिंग्टनला आला. तें पॉलिएथिलीन होतें, लांबलचक रेणूंचें. चार्नलींनीं त्यांत अंगठ्याचें नख रुतवून पाहिलें आणि नापसंत केलें. त्यांचे यंत्रसाहाय्यक हॅरी क्रेव्हन ह्यांनीं मात्र चार्नली परदेशीं परिषदेला गेले असतां तो तुकडा आपणहून यंत्रावर चढविला. रात्रंदिवस तीन आठवडे यंत्र फिरलें, आणि टेफ्लॉन एका दिवसांत झिजलें असतें तितकेंही तें झिजलें नाहीं! पॉलिएथिलीन टेफ्लॉनपेक्षां कमी निसरडें आहे. पण त्याचे लांब रेणू एकमेकांत गुंतलेले असल्यामुळें सहज सुटत नाहींत. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पहिली नवी वाटी बसली. ह्या खेपेस चार्नली सावध होते. त्यांनीं दोन्ही प्लास्टिकांचे कण स्वतःच्या मांडींत घालून घेतले. टेफ्लॉनच्या जागीं गांठ आली, पॉलिएथिलीनच्या जागीं आली नाहीं.

एवढें होऊनही कार्बनतंतूंचा मोह सुटला नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत तेच पॉलिएथिलीन कार्बनच्या तुकड्यांनीं बळकट करून कांहीं रुग्णांच्या सांध्यांत बसविण्यांत आलें. प्रयोगशाळेंतील आंकडे पुन्हां उत्तम होते. पण ह्या प्लास्टिकला तंतू घट्ट धरतां येत नाहीं. तंतू उघडे पडले, वाट्यांना तडे गेले, भोंवतालचें मांस काळवंडलें, आणि तो पदार्थ मागें घ्यावा लागला. विमानाच्या पंखाला वजन पेलावयाचें असतें, कशावर घासत राहावयाचें नसतें, हें पुतण्याला आम्हीं सांगितलें तेव्हां तो जरा वेळ गप्प बसला. (मग म्हणाला, "तंतू धरून ठेवणारें दुसरें प्लास्टिक मिळालें तर?" शोध चालूच आहे, त्याला आमचा आशीर्वाद.)

साधें पॉलिएथिलीनही निर्दोष नाहीं. तें वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढें झिजे, आणि त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांशीं झुंजतां झुंजतां शरीर आपलेंच हाड पोखरी. माणूस वर्षाकाठीं एका पायावर सुमारें दहा लाख पावलें टाकतो, हें ध्यानांत घ्यावें. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून किरणांचा मारा करून रेणूंमध्यें आडवे बंध घातलेलें पॉलिएथिलीन वापरांत आलें. त्याची झीज पुष्कळच कमी आहे. काकूंच्या डॉक्टरांनीं सुचविलेली वाटी त्याचीच.

काकूंनीं हें सारें शेंगा सोलतां सोलतां ऐकलें. त्यांची शंका एकच होती: पाटावर बसून जेवतां येईल का? खालीं बसणें वर्ज्य, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें आहे. ह्यावर त्या दोन दिवस अबोल होत्या. तिसऱ्या दिवशीं त्यांनीं आम्हांस सुताराकडे पाठविलें, आणि एकट्यासाठीं नव्हे, सगळी पंगत बसेल एवढें मेज करून घ्यावयास सांगितलें.