किरकोळ खात्यातली माणसं



मुंबईची माणसं उद्धट, असं गावाकडून आलेला प्रत्येक पाहुणा दोन दिवसांत म्हणतो. मला ते पटत नाही. लोकलमध्ये शेजारी बसलेली बाई तासभर एक शब्द बोलत नाही, हा काही उद्धटपणा नव्हे. सकाळपासून तिला मिळालेली तेवढीच शांतता असते. तीच बाई उभ्या असलेल्या पोरीची जड पिशवी मांडीवर घेते. तिघींच्या बाकावर चौथीसाठी सरकायचं, असा रेल्वेचा नियम नाही. "पुढे उतरणार का?" असं आधी विचारून ठेवायचं आणि न उतरणारीनं बाजूला व्हायचं, ही रीत बायकांनी आपापसात पाडली आहे. गावात मान मिळतो तो "कुणाची गं तू?" याचं उत्तर दिल्यावर. इथे तो उत्तर न देता मिळतो, आणि मला त्याचं मोल जास्त वाटतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा अडकलेल्यांना घरात घेणाऱ्यांनी, रस्त्यावर चहा-बिस्किटं वाटणाऱ्यांनी कुणाची जात-पात विचारली नव्हती.

पण महापुरात चांगलं वागणं एका अर्थी सोपं असतं. साध्या मंगळवारी दुपारी कसं वागतो, ते जास्त अवघड. आणि मला आज जे बोलायचं आहे ते मुंबईकरांबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे.

दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो. दहा दिवस, दहा अध्याय. सातव्या अध्यायात व्रतांचं विवेचन येतं. अहिंसाव्रत घट्ट राहावं म्हणून तिथे पाच भावना सांगितल्या आहेत. त्यांतली पाचवी आलोकितपानभोजन, म्हणजे उजेडात नीट पाहून खाणं-पिणं. ती आपण चोख पाळतो. सूर्यास्ताआधी जेवण, गाळलेलं पाणी, दोनदा चाळलेलं पीठ, निवडलेली भाजी पुन्हा एकदा बघणं. पण त्या पाचांत पहिलं नाव कशाचं आहे, आठवतं? वाग्गुप्तीचं. वाणीवरचा ताबा. मग मनावरचा, मग पाहून चालणं, मग वस्तू जपून उचलणं-ठेवणं आणि शेवटी ताट. आपण यादी खालून वाचायला घेतली आणि एका ओळीतच दमलो, असं मला कधी कधी वाटतं.

हॉटेलात बघा. आपल्यातलं एखादं कुटुंब बसलेलं असतं. वाढणारा पोरगा विशीतला, कुठून तरी लांबून आलेला. त्याला कंदमूळ म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नाही. त्याच्यावर सुरुवातीपासूनच आवाज चढलेला असतो: "प्याज-लसून नहीं मांगता बोला ना तुमको!" (आपल्या हिंदीचाही यात वाटा आहे. मराठीतलं 'तुम्ही' हिंदीत नेताना आपण त्याचं 'तुम' करतो. आपल्या मनात काही नसतं, पण उत्तरेकडच्या माणसाला ते टोचतं. 'आप' म्हणायला पैसे पडत नाहीत.) नियम आपला आहे, तो आपण घेतला आहे. त्या पोरानं घेतलेला नाही. "भैया, आम्ही बटाटासुद्धा खात नाही, तेवढं आत सांगाल का?" एवढ्यानं काम होतं. मी तसंच विचारते, आणि एकदा तर त्यानं आपणहून येऊन सांगितलं की रश्श्याच्या वाटणातच कांदा आहे, हे घेऊ नका.

भाजीवालीचंही तेच. पूर्वी सुटे पैसे तिच्या टोपलीत वरून टाकायची सवय होती, हातावर ठेवायचे नाहीत. आता कोड स्कॅन केला की तिच्या तोंडाकडे बघायचंही कारण उरत नाही. तिचा तो छोटा डबा किती रुपये आले ते ओरडून सांगतो, तोवर आपण पाठ फिरवून चालायला लागलेल्या असतो.

आता जरा अवघड विषयाकडे येते. वाचून काही जणी रागावतील, तरी लिहिते.

दुपारच्या गाडीत एक म्हातारी कोळीण बायकांच्या डब्यात चढली. टोपली रिकामीच होती. एरवी या बायका टोपल्या घेऊन सामानाच्या डब्यातून जातात. ही का इकडे आली, देव जाणे. गर्दीत तो डबा गाठता आला नसेल. आम्ही सहा-सात जणी मंदिरातल्या विधानाहून परतत होतो. पटापट पदर नाकाला लागले, आणि एकजण मोठ्यानं, तिला ऐकू जाईल अशा बेतानं बोलली, "यांना काही वाटतच नाही का?" मी तिला म्हटलं, मावशी, टोपली इथे माझ्या पायाशी ठेवा, दारात लागेल कुणाला. ती म्हणाली, "नको बाय, तुमाला वास येईल." आणि दारातच उकिडवी बसून राहिली. आमच्यातल्या एकीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मासे मीच विकायला आणलेत.

वास येतो, हे खरं आहे. मलाही येतो आणि सोसत नाही. जीवहत्येबद्दल मनात जे आहे ते असू द्या, त्यात तडजोड करा असं मी म्हणत नाही. पण त्या डब्यात तेव्हा एकही मासा नव्हता. जो जीव दुखावला गेला तो दारात बसलेला होता.

पाठशाळेत आपण मुलांना सम्यग्दर्शनाची आठ अंगं शिकवतो. तिसरं निर्विचिकित्सा, म्हणजे किळस न करणं. त्यासाठी उद्दायन राजाची गोष्ट सांगतो. त्यानं रोगजर्जर मुनींची ओकारी स्वतःच्या हातानं साफ केली. कुणी म्हणेल, ते मुनी होते, इथे कोळीण आहे, तुलना कशी करता? ठीक आहे, तुलना सोडून देऊ. पण जुगुप्सा नऊ नोकषायांतही मोजलेली आहे. ती अमक्याबद्दल वाटली तर चालेल, असा अपवाद तिथे काही लिहिलेला नाही.

"लोक आपल्याला काय कमी बोलतात का?" असंही मला विचारलं जातं. बोलतात. 'बटाटा नाही, कांदा नाही, मग खाता तरी काय?' हे प्रत्येकीनं ऑफिसात, कॉलेजात, लग्नाच्या पंगतीत ऐकलेलं असतं. दिगंबर मुनींच्या विहारात रस्त्यानं मोबाईल उगारणारे आणि दात काढणारेही भेटतात. पण विहारात पहाटे चालताना मी दुसरंही पाहिलं आहे. ट्रकवाला गाडी हळू करतो, एका बाजूला घेतो, हात जोडतो आणि निघून जातो. टपरीवाला बाकडं मागे ओढून वाट करून देतो. त्यांना आपल्या धर्मातलं अक्षर माहीत नसतं. त्या टपरीवर भुर्जी-पाव मिळत असेल, तरी त्या माणसाच्या तोंडावर आपल्याबद्दल किळस दिसलेली मला आठवत नाही.

पर्व संपलं की क्षमावाणी येते. फोनवर फुलांची चित्रं आणि 'उत्तम क्षमा' सुरू होतं. नणंदेला, जावेला, व्याह्यांना, पाठशाळेतल्या बाईंना. बी.कॉम.ला आम्हाला किरकोळ देण्यांचं एक खातं शिकवलं होतं. ज्यांची स्वतंत्र खाती उघडण्याइतकी रक्कम नाही, अशा सगळ्यांची देणी एका नावाखाली घालायची. ताळेबंदात ती एक ओळ असते, पण कधी कधी बेरीज चांगलीच मोठी निघते. आपण क्षमावाणीला मोठी खाती मिटवतो. वॉचमन, रिक्षावाला (त्याला तर आपण 'ए रिक्षा!' म्हणूनच हाक मारतो), चार मजले चढून आलेला आणि दारातच "एवढा उशीर?" ऐकणारा डिलिव्हरीवाला, तो हॉटेलातला पोरगा, ही सगळी त्या एका ओळीत राहतात. यातल्या बहुतेकांचा नंबर आपल्याकडे नसतो आणि बरेच जण पुन्हा भेटणारही नसतात. म्हणजे यांचं देणं साठवायची सोयच नाही, जागच्या जागी फेडावं लागतं.

येत्या रथयात्रेबद्दलही मंदिरात बोलणं चालू आहे. गेल्या वर्षी बाजारपेठेतला रस्ता तासभर पूर्ण अडला होता. मागे बसमध्ये माणसं घामाघूम होऊन बसली होती आणि आपले स्वयंसेवक त्यांनाच हात दाखवून दटावत होते. मी कार्यकारिणीला लिहून दिलं आहे: रस्त्याची एक बाजू मोकळी ठेवा, बँड रुग्णालयासमोर बंद करा, आणि थांबलेल्या लोकांना पाणी द्यायला आम्ही दहा जणी मागच्या बाजूला उभ्या राहतो. अध्यक्ष म्हणाले, "बघू." बैठक रविवारी साडेदहाला आहे. सात जणींनी नावं दिली आहेत, तीन हव्या आहेत.