'बॉन्ड' आडनावाची बेडी

जेम्स बॉन्ड हे नाव ऐकले नाही असा वाचक विरळाच. इयान फ्लेमिंगची 'कॅसिनो रोयाल' ही कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. आपल्या गुप्तहेराचे नाव अगदी साधे, कोणाच्या डोळ्यात न भरणारे असावे, अशी त्याची इच्छा होती. म्हणून त्याने वेस्ट इंडिजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या जेम्स बॉन्ड या अमेरिकन पक्षीतज्ज्ञाचे नाव उचलले. पुढे सिनेमाने त्या नावाला रुबाब दिला. परंतु या रुबाबदार आडनावामागे पाचशे वर्षांची वेठबिगारी उभी आहे, हे किती जणांना ठाऊक आहे?

मुळात हा शब्द गुलामाचा नव्हताच. डेन्मार्क-नॉर्वेकडून इंग्लंडमध्ये येऊन स्थायिक झालेल्या लोकांच्या भाषेत 'बोंडी' म्हणजे घरदार करून राहणारा स्वतंत्र शेतकरी. आपल्याकडेही सर्रास वापरला जाणारा 'हजबंड' हा शब्द याच 'बोंडी'पासून आला. त्याचा मूळ अर्थ घरधनी. म्हणजे बॉन्ड हा एके काळी मानाचा शब्द होता.

मग १०६६ साल उजाडले. नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि जमिनी आपल्या सरदारांत वाटल्या. नेव्हिल, पर्सी ही सरदार घराण्यांची आडनावे नॉर्मंडीतील गावांवरून आलेली आहेत. जेत्यांनी आपल्या गावांची नावे मिरवली. कसणाऱ्याची मात्र जमीन गेली आणि शब्दाची इज्जतही गेली. 'बॉन्ड' म्हणजे जमिनीला बांधलेला भूदास, असा अर्थ रूढ झाला. दास्याला इंग्रजीत 'बॉन्डेज' म्हणतात, तो शब्द यातूनच निघाला. माणूस तोच, शेत तेच. मालकी बदलली आणि शब्दाचा अर्थ उलटा झाला!

या भूदासाची कायद्यातील स्थिती काय होती? त्याने आठवड्यातील ठराविक दिवस धन्याच्या शेतावर फुकट राबायचे. मुलीचे लग्न करायचे तर धन्याला पैसे भरायचे. घरचा कर्ता मेला की गोठ्यातले उत्तम जनावर धन्याने न्यायचे. तो इतर कोणावरही दावा लावू शकत होता, फक्त धन्यावर नाही. आणि हे सारे जन्माने ठरत होते. सुटकेची एक वाट होती. पळून जाऊन सनद मिळालेल्या शहरात एक वर्ष आणि एक दिवस काढला की तो स्वतंत्र होत असे. इंग्लंडमध्ये आडनावे वंशपरंपरागत झाली ती याच शतकांत. त्यामुळे बापाचा दर्जा पोराच्या नावाला चिकटला.

१३८१ साली शेतकऱ्यांनी बंड केले. नेत्याचे आडनाव टायलर, म्हणजे कौले घालणारा. बंडखोरांनी ठिकठिकाणी जहागिरीची दप्तरे जाळली. आपली गुलामी कोठे लिहून ठेवली आहे, हे त्या निरक्षरांना नेमके कळले होते. चौदा वर्षांच्या राजा रिचर्डने मुक्तीच्या सनदा दिल्या, वॅट टायलर मारला गेला आणि सनदा रद्द झाल्या. राजाचा शब्द संकटापुरताच होता.

तरीही ही प्रथा मेली. १३४८-४९ च्या प्लेगने माणसे मेली, मजूर महाग झाला, वेठीची जागा हळूहळू खंडाने घेतली. १५७४ साली राणी एलिझाबेथने राजघराण्याच्या जमिनींवरील उरलेल्या भूदासांना मुक्त करण्याचा हुकूम काढला, तोही पैसे घेऊन! भूदासत्वाचा शेवटचा गाजलेला खटला, पिग विरुद्ध केली, १६१८ चा. पण राज्यकर्त्यांचे औदार्य येथे तपासून घेतले पाहिजे. याच राणीच्या राज्यात १५६२ साली जॉन हॉकिन्स आफ्रिकेतून माणसे पकडून विकायला निघाला होता. घरची बेडी गंजत असताना दुसऱ्यांसाठी नवी बेडी घडवली जात होती. १७७२ साली जेम्स सॉमरसेट या आफ्रिकन गुलामाच्या खटल्यात वकील हारग्रेव्ह यांनी हाच इतिहास लॉर्ड मॅन्सफिल्डपुढे मांडला: इंग्लंडच्या कायद्याला भूदासत्व हे एकच दास्य माहीत होते आणि ते कधीच मेले आहे. सॉमरसेट सुटला.

आज बॉन्ड आडनावाची हजारो माणसे आहेत. त्यांनी ते बदलले नाही, कारण बदलण्याची गरज उरली नाही. त्या नावावरून कोणी कोणाला पाणी, घर, नोकरी की मुलगी नाकारत नाही. नाव तेच राहिले. त्याच्यामागची वेठ गेली, म्हणून त्याचा डंख गेला.

वकिली करताना आडनाव बदलून राजपत्रात छापून घेणारे तरुण आम्हांस भेटतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. तो त्यांचा हक्क आहे आणि कागद आम्हीच करून देतो. परंतु घर भाड्याने देताना 'पूर्ण नाव काय?' असे विचारणारा जोवर शाबूत आहे, तोवर नवे आडनावही उद्या ओळखले जाईल. बॉन्डचा इतिहास एवढेच सांगतो की, डाग आडनावात नसतो, तो व्यवस्थेत असतो. धुवायची असेल तर ती व्यवस्था धुतली पाहिजे!