दिवा लागला की सेन्सर गेला, असं ठरवलं कुणी?

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात आपण सगळेच नागवले जातो.

मागच्या महिन्यात आमच्या पेट्रोल गाडीचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, पण सकाळी थंडीत चालू केली की पेट्रोलचा वास यायचा. तालुक्याला गॅरेजवर नेली. पोरानं स्कॅनर लावला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "काका, ऑक्सिजन सेन्सर गेला. साडेसहा हजार." ऐन कांदा लागणीचे दिवस. एवढ्यात डीएपीच्या जवळजवळ पाच गोण्या येतात. तरी दिले. चौथ्या दिवशी दिवा परत हजर! पुन्हा गेलो तर म्हणतो, "आता मागचा सेन्सर पण बदलावा लागेल."

तिथं माझं डोकं फिरलं. म्हणलं, स्कॅनरवर काय आलंय ते आधी वाचून दाखव. कोड होता पी०१३५, पहिल्यांदा आला होता तोच. त्याचा अर्थ, पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. सर्किट म्हणजे फ्यूज, वायर, कपलर आणि हीटर, सगळं आलं. मागच्या सेन्सरच्या हीटरचा कोड वेगळा असतो, पी०१४१. तो आलेलाच नव्हता. मग मागचा सेन्सर बदलायचा कशाच्या जिवावर?

हा सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसतो आणि धुरात ऑक्सिजन किती उरला ते इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो. त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. पण साधारण तीनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही, म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो. हीटरला करंट मिळाला नाही तर सेन्सर उशिरा जागा होतो, आणि तोवर इंजिन अंदाजानं जास्त पेट्रोल पितं. सकाळचा वास त्याचाच होता.

आमच्या गावात ट्रॅक्टरचं वायरिंग करणारा एक जण आहे. त्याच्याकडं ना स्कॅनर, ना एसी ऑफिस. त्यानं सेन्सरचा कपलर काढला, इंजिन चालू केलं आणि वायरिंगच्या बाजूनं मीटर लावला. हीटरच्या वायरीला बारा व्होल्ट यायला पाहिजेत, तिथं शून्य. फ्यूज शाबूत. मग वायर धरून मागं मागं गेला, तर इंजिनच्या मागच्या बाजूला उंदरानं कुरतडलेली! आमची गाडी कडब्याच्या गंजीशेजारी उभी असते, चूक माझीच. जुना सेन्सर मी मागून आणला होता. त्याचा हीटर मीटरवर सहा ओहम दाखवत होता, म्हणजे तुटलेला नव्हता. वायरीचे साठ आणि मजुरीचे तीनशे, एवढ्यात काम झालं. दिवा गेला तो गेलाच.

आता सरळ बोलतो. स्कॅनर रोग सांगत नाही, तक्रार सांगतो. पान पिवळं पडलं म्हणून लगेच युरिया टाकणारा आणि कोड दिसला म्हणून सेन्सर बदलणारा, दोघं एकाच माळेचे मणी. पान पाणी साचूनही पिवळं पडतं, लोह कमी पडूनही पडतं. तसंच मिश्रणात पेट्रोल कमी आहे असा पी०१७१ कोड आला, तर सेन्सरच खोटा असेल असं नाही. सेन्सरच्या आधी पाइपाला चीर असेल, इनटेकची नळी फाटली असेल, पेट्रोलचा दाब कमी असेल. सेन्सर बिचारा खरं सांगतोय आणि आपण त्यालाच फाशी देतोय.

"दिवाच बंद करून टाका" म्हणणारे शहाणे तर आणखी वाईट. पेट्रोल जास्त जळत राहिलं तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, आणि त्याच्यापुढं साडेसहा हजार म्हणजे सुटे पैसे.

सेन्सर मरतच नाही असं मी म्हणत नाही. इंजिन ऑइल जाळत असेल, चुकीचं सिलिकॉन वापरलं असेल, तर तो मरतो. पण आधी सिद्ध करा. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर गरम इंजिनवर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वर-खाली नाचतो. एकाच जागी अडकला तर संशय घ्या, आणि तेव्हाही आधी वायर बघा. नव्या गाड्यांतल्या काही सेन्सरांचं रीडिंग वेगळं असतं, तिथं गाडीच्या पुस्तकातला आकडा बघावा.

दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. तपासायचे तीनशे मागितले की आपण भांडतो, आणि पार्टचे साडेसहा हजार गुपचूप देतो. मग तो पार्टच विकणार की!

म्हणून पुढच्या वेळी तीन गोष्टी विचारा. कोडचा पूर्ण अर्थ काय? मीटर लावून काय काय तपासलं? जुना पार्ट परत देणार का? तिन्हीची उत्तरं मिळाली तरच खिशात हात घाला. वायर जोडायला सांगाल तेव्हा डाग मारू देऊ नका, दाबून बसणारा जोड वापरा, कारण बरेच सेन्सर वायरीच्या आतूनच बाहेरची हवा घेतात.

माझा जुना, चांगला सेन्सर देवळीत ठेवलाय. रोज दिसतो. साडेसहा हजारांची शाळा आहे ती.