काडीसारखी माणसे आणि साखर

जागतिक मधुमेह दिन म्हणजे इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी एक असलेल्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस. आपल्याकडे हाच बालदिन. मधुमेहाचा विचार मुलांपासून, किंबहुना त्यांच्या आयांपासून सुरू करावा लागतो, हे पुण्यातल्या संशोधनानेच दाखवून दिले आहे.

‘अंगावर मांस नाही, मग साखर कशी?’ हा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. पुण्याच्या रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी त्याचा पिच्छा पुरवला. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, बीएमआय 22.3, पण शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2 टक्के!

जेवणानंतर स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात. त्याच्या हुकमाने रक्तातली साखर स्नायूंत शिरते आणि यकृत स्वतःकडची साखर सोडणे आवरते घेते. पोटात, यकृतात चरबी साचली की हा हुकूम नीट पाळला जात नाही. मग बीटा पेशी जास्त इन्सुलिन ओततात, वर्षानुवर्षे राबतात आणि थकतात. टाइप 2 मधुमेह होतो तो असा.

ही चरबी येते कुठून? पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला. त्यांची बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पुण्याच्या बाळांचे दंड, पोट बारीक. पण खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमट्यात धरून मोजली, तर तिथली चरबी जवळजवळ इंग्रज बाळांइतकीच. आणखी एका अभ्यासात पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त आढळले. पुढे 2008 मध्ये दिसले, की या गावांतल्या ज्या बायकांच्या रक्तात गरोदरपणी बी-12 हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला इतरांपेक्षा कमी दाद देत होते.

म्हणून शाळकरी मुलींना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या (म्हणजे फोलेटच्याच) सरकारी गोळ्या वाटताना बी-12 चा विचार झालाच पाहिजे. आपल्या शाकाहारी घरांत तर त्याची वानवा ठरलेली. याच सहा गावांतली मुले मोठी झाल्यावर, त्यांना आईबाप होण्याआधीच बी-12 देऊन पाहण्याचा प्रयोग 2012 मध्ये सुरू झाला. महापालिकेच्या शाळांतल्या मुलींची बी-12 तपासणी करायला आता आणखी कशाची वाट पाहायची?